डोकं आधी, हात शेवटी

मोटारसायकलवर बसणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असावं, याविषयी आज बोलायचं आहे. डोक्यावरच्या हेल्मेटपासून हातातल्या मोज्यांपर्यंत. विषय वाहतूक पोलिसांचा वाटेल. कवीने त्यात कशाला पडावं, असंही कुणी म्हणेल. पण कवीचा धंदा शब्दांचा, आणि या विषयातले शब्द फार बोलके आहेत.

सरकारी पाट्यांवर हेल्मेटला 'शिरस्त्राण' लिहितात. बोलताना तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. त्याहून आपला म्हणावा असा शब्द 'जिरेटोप'. शाळेत असताना आम्हाला वाटायचं, याचा फोडणीतल्या जिऱ्याशी काही संबंध असावा. तसा तो नाही. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचं विणलेलं चिलखत. त्यावरून जिरेटोप. 'बख्तर' हाही फारसीतून आलेला, आणि 'दस्ताना'ही. 'दस्त' म्हणजे हात. ज्या दस्तापासून आपला दस्तऐवज आला, त्याच दस्तापासून हात झाकणारा दस्ताना आला. दांडपट्टा जवळून पाहिला असेल तर आठवा. त्याची मूठ म्हणजे लोखंडाचा मोजाच असतो, पंजा आणि मनगट झाकून पुढे कोपराकडे जाणारा.

म्हणजे जुन्या लोहाराने डोक्याचा विचार केला तसा हाताचाही केला होता. हात निकामी झाला तर डोकं शाबूत असूनही शिपाई शिपाई राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे आपण त्याच्याकडे येणार आहोत.

संरक्षण घालणं म्हणजे भित्रेपणा, असं समजणारी पोरं गावोगाव भेटतात. त्यांना मी प्रतापगडची आठवण देतो. १० नोव्हेंबर १६५९. भेटीला निघताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप, असं बखरी सांगतात. महाराज भित्रे होते असं म्हणण्याची कुणाची छाती आहे का? त्यांनी धोका मोजला होता, एवढंच. आमच्या घरात लहानपणी दुसरी एक कथा सांगत. अल्लाहने हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात लोखंड मऊ केलं आणि त्यांना चिलखत बनवण्याची विद्या दिली. कुरआनात हा उल्लेख आहे. दाऊद म्हणजे ज्यांच्या नावावर जबूरची स्तोत्रं आहेत तेच. एकाच माणसाकडे कविताही होती आणि चिलखत विणण्याची कलाही. त्यामुळे या विषयावर बोलायला मला परवानगी मागावीशी वाटत नाही. त्यात मी राहतो जालन्यात, लोखंडाच्या गावात.

हे लोखंडी कपडे गेले कसे, तेही आमच्याच जिल्ह्याच्या मातीत दिसतं. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यांची लढाई झाली. वेलस्ली जिंकला, पण मराठ्यांच्या तोफांनी त्याचे दीड हजारांवर लोक ठार-जखमी केले. तोफेच्या गोळ्यापुढे जिरह आणि बख्तर काय करणार? बारुदीच्या काळात ते ओझं झालं आणि हळूहळू भिंतीवर गेलं. लोखंडी टोप युरोपच्या सैनिकांच्या डोक्यावर परत आला तो थेट १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, खंदकांवर आकाशातून तुकडे पडू लागले तेव्हा.

तोवर रस्त्यावर फटफटी आली होती. फटफटीच्या माणसाला शत्रू नव्हता. त्याला होता तो रस्ता. आणि रस्ता शत्रूसारखा दिसत नाही, हीच मोठी अडचण. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. डोकं फुटलेले मोटारसायकलस्वार त्यांच्याकडे वारंवार येत. त्यांनी जाड कापड आणि लाख यांची कडक टोपी करून घेतली. लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची लाख. त्या काळी जगाला ती मुख्यतः हिंदुस्थानच पुरवत असे. १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत ही टोपी सक्तीची झाली. आरंभी आयोजकांनी नकारच दिला होता. पण पहिली सक्ती झाली ती अशी, शर्यतीच्या स्वारांसाठी. रस्त्यावरचा साधा माणूस त्यात नव्हता.

त्यानंतरची गोष्ट टी. ई. लॉरेन्सची. अरबस्तानात उंटांवरून फिरलेला, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला माहीत झालेला हा माणूस पुढे नाव बदलून हवाई दलात साधा सैनिक झाला आणि १९२७ मध्ये कराचीलाही येऊन राहिला. त्याला वेगवान मोटारसायकलींचं वेड होतं. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये, स्वतःच्या घराजवळच्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो गेला. त्याच्या उशाशी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते.

केर्न्स हळहळून थांबले नाहीत. त्यांनी मोजायला घेतलं. १९४१ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मेले होते. हेल्मेट घालून पडलेले फक्त सात जण केर्न्स यांच्या पाहण्यात आले, आणि सातही जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. लष्कराला शिकवून तयार केलेला माणूस गमावणं परवडत नव्हतं. सामान्य नागरिकाला मात्र ब्रिटनमध्ये ही सक्ती व्हायला १९७३ साल उजाडलं. बत्तीस वर्षं लागली. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते.

सगळ्यांसाठी कायदा करण्यात ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य पुढे होतं. तिथे १९६१ पासून सक्ती आहे. दरम्यान हेल्मेट आतून बदललं होतं. १९५३ साली अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्ड यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिची कल्पना साधी होती. बाहेरचं कवच कडक असतं. आतला थर मात्र दबण्यासाठी असतो. डोकं आपटतं तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जात राहतो आणि हाडावर आदळतो. आतला थर चेपत जातो तेवढ्या क्षणभरात डोकं थोडं हळू थांबतं. माणूस वाचतो तो त्या क्षणभराने. म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. त्याचं काम करून झालेलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी कमी पेट्रोलमध्ये लांब पळणारी हिरो होंडाही बाजारात आली. तोवर मोटारसायकल म्हणजे बुलेट, राजदूत, येझदी. ती पाटलाकडे, डॉक्टरकडे, एखाद्या मास्तराकडे असायची. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती दूधवाल्याकडे आली, मजुराकडे आली, मंठा-परतूरच्या वाड्यावस्त्यांवर आली. एस.टी. दिवसातून दोनदा येणाऱ्या गावाला ती वरदानच होती. बाळंतीण तिच्यावरून दवाखान्यात गेली, मोसंबीची पोती तिच्यावरून बाजारात गेली, मुलं कॉलेजात गेली.

कायदा गाडीच्या मागून चालत होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ मध्ये हेल्मेटचं कलम घातलं गेलं. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८८ साली न्यायालयाने निकाल दिला की या सक्तीने कुणाचं फिरण्याचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. मग १९८८ चा नवा कायदा आला, कलम १२९. १ जुलै १९८९ पासून तो लागू आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यात सूट आहे. आमच्या टोपीला नाही, आणि ती मागावी असं मला कधी वाटलंही नाही.

कलम आलं, हेल्मेट आलं नाही. पुण्यात वर्षानुवर्षं हेल्मेटविरोधी चळवळ चालली. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा सक्ती झाली तेव्हा लोक पगड्या-टोप्या घालून रस्त्यावर उतरले. २०१६ च्या फेब्रुवारीत औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पोलिसांनी सक्ती सुरू केली, आणि रस्त्याच्या कडेला हेल्मेटांचे ढीग लागले. कलिंगडासारखे. लोक दंडापासून वाचणारं हेल्मेट घेत होते. आत दबणारा थर आहे की नाही, हे कुणी बघत नव्हतं. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. निदान आता घेणाऱ्याने ती खूण शोधावी.

'गावातल्या गावात कशाला हेल्मेट?' हा प्रश्न जालन्यात आजही ऐकू येतो. त्याला माझं उत्तर हिशेबाचं आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दुमजली घराच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग साधारण एवढाच असतो. गच्ची गावातली असली म्हणून खालची फरशी मऊ होत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली घेतला गेला. हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात आढळलं. याहून जास्त वकिली करायची गरज नाही.

पण मंडळी, मला आज ज्यासाठी बोलायचं आहे ते पुढेच आहे. हा सगळा इतिहास सलग वाचला की एक क्रम दिसतो. ज्याच्या जिवाचा हिशेब आधी ठेवला गेला, त्याला आधी संरक्षण मिळालं. आधी शर्यतवाला, मग सैनिक, मग चालक. आणि मागे बसणारी? मागे बसणारं?

आपल्याकडे मागे बहुधा बाई असते. एका बाजूला पाय टाकून, मांडीवर लेकरू, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. तिच्यासाठी कायद्याने आधी काय केलं? साडीगार्ड. पदर चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर जाळी, धरायला दांडी, पाय ठेवायला जागा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे लिहिलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पदर अडकून किती बायका पडल्या असतील, तेव्हा ही जाळी आली. पण तिच्या डोक्याचं काय? कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, तरी दिल्लीसारख्या राजधानीत बायकांना २०१४ पर्यंत सूट होती. आमच्याकडे कागदावर सूट नव्हती, व्यवहारात होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक दुचाकीवर मेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. त्या आकड्यात कुणाकुणाच्या आया असतील, बहिणी असतील. गाडी त्या चालवतही नव्हत्या.

मूल त्याहून मागे राहिलं. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक ठरलं, आणि दंड हजार रुपये झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी २०२२ च्या फेब्रुवारीत नियम निघाला: चालकाशी बांधणारा पट्टा, लहान हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. वर्षभराने तो लागू झाला. मी जालन्यात असा पट्टा बांधलेलं लेकरू अजून पाहिलेलं नाही.

आणि सगळ्यात शेवटी उरतात हात. हातांवर आपल्या कायद्यात एक शब्द नाही.

पडताना माणूस काय करतो, आठवून पाहा. तो विचार करत नाही. हात पुढे टाकतो. चालायला शिकणारं मूल हेच करतं आणि सत्तर वर्षांचा म्हातारा हेच करतो. डांबरावर आधी तळवे पोचतात. मग शरीराच्या ओझ्यासकट ते घासत जातात. तळव्याची कातडी अंगावरच्या इतर कातडीसारखी नाही. ती जाड असते, तिला स्पर्श कळतो, आणि ती गेली की तशीच परत मिळणं कठीण. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. हात टेकून पडल्यावर ते मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते जुळायला महिने लागतात, कधी जुळतही नाही. तळव्यावर चामड्याचा दुहेरी थर आणि कडक पट्टी असलेला मोजा हे सगळं थांबवेल असं नाही. कातडी मात्र तो वाचवतो, आणि पुष्कळदा हाडावरचा मारही कमी करतो. फ्रान्सने हे ओळखलं. तिथे २० नोव्हेंबर २०१६ पासून चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत.

आमच्या मोहल्ल्यात एक मिस्त्री आहेत. रोलिंग मिलमध्ये वीस वर्षं काढलेले. जालन्याच्या मिलमध्ये लालभडक तापलेली सळई रुळांतून सापासारखी पळत येते. तिच्याजवळ काम करताना हातात जाड चामड्याचे मोजे असतात. कामगार त्यांना हँडग्लोज म्हणतात. मोज्याशिवाय तिथे कुणी उभं राहत नाही, कुणाला सांगावंही लागत नाही. शिफ्ट संपली की मोजे खुंटीवर जातात आणि माणूस मोकळ्या हातांनी मोटारसायकल काढून घरी येतो. एका रात्री अंबड रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, डोक्याला खरचटलंही नाही. दोन्ही तळवे मात्र सोलून निघाले आणि उजवं मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तेव्हा दोन्ही हातांना पांढरी गाठोडी बांधलेली होती. घास बायको भरवत होती. सदऱ्याची गुंडी मुलगा लावत होता. दुआ मागायला तळवे उघडता येत नव्हते. मला म्हणाले, 'भाई, सर तो बच गया. पर अपनी रोटी तो हातां में है.' त्यांच्या घरात चार महिने पगार आला नाही.

 मेलेल्यांच्या आकड्यात मिस्त्री मोजले जाणार नाहीत, कारण ते मेले नाहीत. आणि जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी नियम होत नाही, हे केर्न्स यांच्या गोष्टीत आपण पाहिलं. पण जालना जिल्ह्यात कोण हातावर जगत नाही? कापूस वेचणारी बाई, मोसंबी उतरवणारा गडी, बियाण्याच्या प्लॉटवर एकेका फुलाचा संकर करणाऱ्या मुली, वेल्डर, शिंपी, न्हावी. यांच्यासाठी हात जाणं म्हणजे घर बसणं. जुन्या लोहाराला हे कळत होतं, म्हणून त्याने टोपाबरोबर दस्ताना घडवला. आपण टोप तेवढा परत आणला.

हातमोजे आपल्याला परके नाहीत, हेही बघा. डिसेंबरात भोकरदनकडे पहाटे दूध घालायला निघालेला माणूस हातात लोकरीचे पायमोजे चढवतो. एप्रिल-मेमध्ये स्कूटीवरच्या मुली कोपरापर्यंत पांढरे मोजे घालतात, ऊन लागू नये म्हणून. थंडीपासून हात वाचवतो, उन्हापासून वाचवतो. रस्त्यापासून वाचवायचा राहतो. लोकरीचा किंवा सुती मोजा डांबरावर क्षणभरही टिकत नाही. त्यासाठी चामडंच हवं, किंवा तसंच जाड कापड. मोजा मनगटावर आवळणाराही हवा, नाहीतर पडताना तोच आधी निसटतो.

'मौत का वक्त मुकर्रर है,' असं आमच्याकडे दर जनाज्यात कुणीतरी म्हणतं. शेजारच्या आळीत तेच 'नशिबात होतं' या शब्दांत म्हणतात. मी त्याच्याशी वाद घालत नाही. फक्त एक जुनी हकीकत सांगतो. एका माणसाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडू? उत्तर मिळालं, आधी बांध आणि मग भरवसा ठेव. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावताना मला ही हकीकत आठवते.

समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. त्याच्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे दुचाकी राहणार त्या जुन्याच रस्त्यांवर, जिथे कडेला खडी सांडलेली असते आणि अंधारात लाल दिव्याशिवाय उसाची ट्रॉली उभी असते. ते रस्ते सुधारायला हवेत, आणि ती मागणी सोडू नये. तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. नवी दुचाकी घेताना सोबत प्रमाणित हेल्मेट मिळावं, असा नियम आहे. ते मागून घ्यावं, आणि मागे बसणारीसाठी दुसरं विकत घ्यावं. कायद्याने बंदी असूनही आमच्याकडे लग्नात नवरदेवाला गाडी देतात, चावी हातात देऊन फोटो काढतात. निदान मुलीच्या बापाने त्या फोटोत आपल्या लेकीचं हेल्मेट दिसतंय का, ते पाहावं.

आणि जालन्याच्या मिलमालकांना एक विनंती. भट्टीपुढे उभं राहायला तुम्ही कामगाराला हँडग्लोज देता. घरी जायला आणखी एक जोड द्या. भट्टीपासून घरापर्यंतचा रस्ताही त्याच हातांचा आहे. मिस्त्री आता पुन्हा कामावर जातात. उजवी मूठ पूर्ण वळत नाही, म्हणून त्यांना सळईजवळून काढून गेटवर बसवलं आहे. पगार कमी झाला. शिफ्ट सुटताना बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराला ते थांबवून हात दाखवायला सांगतात. मोकळे हात दिसले की आपला तळवा त्याच्यापुढे धरतात. काही पोरं हसून निघून जातात. काही परत आत जातात आणि खुंटीवरचे मोजे घेऊन येतात.